कर्करोगाचे आकडे छापताना

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जगातील कर्करोगाच्या आकडेवारीवर आपल्या दैनिकात आलेली बातमी आणि तिच्यावर दुसऱ्या दिवशी लिहिलेले स्फुट, दोन्ही वाचले. २०२२ या वर्षात जगात कर्करोगाचे सुमारे २ कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू, तर भारतात सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आणि ९ लाख १६ हजार मृत्यू, हे बातमीतील आकडे बरोबर आहेत. मात्र बातमी वाचून हे सगळे रुग्ण कोणीतरी एकेक करून मोजले असावेत, असा वाचकाचा समज होतो. तसे झालेले नाही. हे अंदाज आहेत. ते अत्यंत काळजीपूर्वक केलेले आहेत, पण ज्या नोंदींवर ते उभे आहेत त्या नोंदी देशादेशांत, किंबहुना जिल्ह्याजिल्ह्यांत, फार वेगवेगळ्या दर्जाच्या आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवल्यामुळे या विषयाशी माझा संबंध आला, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

या अंदाजांच्या मुळाशी ज्यांचे काम आहे, त्यांत डॉ. मॅक्स पार्किन यांचे नाव आधी घ्यावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था १९६५ साली फ्रान्समधील लियाँ येथे स्थापन झाली आणि पार्किन यांनी तेथील वर्णनात्मक साथरोगशास्त्राचा विभाग अनेक वर्षे सांभाळला. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात १९७५ या वर्षी जगात बारा प्रमुख कर्करोगांचे किती नवे रुग्ण झाले असावेत याचा पद्धतशीर अंदाज मांडला होता. पुढे १९८० सालासाठी सोळा, १९८५ साठी अठरा आणि १९९० साठी पंचवीस कर्करोगांचे अंदाज आले. झाक फेर्ले, पाओला पिसानी आणि नंतर फ्रेडी ब्रे हे सहकारी या कामात जोडले गेले, त्यातूनच आज ‘ग्लोबोकॅन’ या नावाने ओळखला जाणारा संच उभा राहिला. २०२२ च्या संचात १८५ देश आणि ३६ प्रकारचे कर्करोग आहेत.

पार्किन यांच्यापुढची अडचण अशी होती की, ज्या देशांत आजार मोजायची सोय चांगली होती तेथे जगातील थोडीच माणसे राहत होती आणि जेथे बहुसंख्य माणसे राहत होती तेथे मोजणी जवळपास नव्हती. यावर त्यांनी काढलेला मार्ग सांगायला सोपा आहे, करायला मात्र किचकट. देशभराची नोंद असेल तर ती घ्यायची; नसेल तर देशातील काही भागांच्या नोंदींवरून दर काढून तो साऱ्या देशाला लावायचा; नुसत्या मृत्यूंची नोंद असेल तर मृत्यू आणि नवे रुग्ण यांचे शेजारच्या प्रदेशांतील गुणोत्तर वापरून रुग्णसंख्येकडे यायचे; आणि काहीच नसेल तर शेजारच्या देशांच्या दरांची सरासरी स्वीकारायची. कोणत्या देशाचा आकडा यांपैकी कोणत्या मार्गाने आला, हे संस्था दर वेळी उघडपणे सांगते आणि अलीकडच्या संचांत आकड्याभोवती अनिश्चिततेची कक्षाही देते. आपल्याकडील बातम्यांत ही कक्षा कधी छापलेली मला आठवत नाही.

भारत दुसऱ्या प्रकारात मोडतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सुरू झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात लोकसंख्येवर आधारित, म्हणजे ठरलेल्या भागातील सर्व रहिवाशांमधले कर्करोगाचे रुग्ण नोंदणारी, २८ नोंदणी केंद्रे होती आणि ती मिळून देशाच्या सुमारे दहा टक्के लोकसंख्येवर लक्ष ठेवत होती. म्हणजे दहांतील एका माणसाच्या नोंदीवरून उरलेल्या नऊ जणांविषयी अनुमान काढलेले असते. संख्याशास्त्रात यात गैर काही नाही, फक्त तो एक जण उरलेल्या नऊ जणांसारखा असला पाहिजे.

या कार्यक्रमाच्या कितीतरी आधी, १९६३ साली, मुंबईत डॉ. दारा जस्सावाला यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे देशातील पहिले लोकसंख्याधारित नोंदणी केंद्र सुरू केले होते. जगभरच्या नोंदींचे पहिले संकलन १९६६ साली निघाले तेव्हा त्यात २९ देशांतील ३२ केंद्रे होती आणि त्याच्या दुसऱ्या खंडापासून त्यात मुंबईचे आकडे आले. ही नोंदणी चालते कशी, हे फारसे कोणी लिहीत नाही. कर्करोगाची माहिती कळवणे देशभर सर्वांना बंधनकारक नसल्यामुळे केंद्राच्या कर्मचाऱ्यालाच रुग्णालयांच्या, पॅथॉलॉजी प्रयोगशाळांच्या आणि महापालिकेच्या मृत्युनोंदीच्या दारी जावे लागते. तो केसपेपर चाळतो, बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याचा, अहवाल पाहतो, शक्य असेल तर रुग्णाशी बोलतो. त्याचा एक ठरलेला प्रश्न असतो: या पत्त्यावर तुम्ही किती वर्षे राहता? सोलापूरचा किंवा जळगावचा रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला आला की भाच्याचा किंवा मेहुण्याचा मुंबईतला पत्ता देतो आणि तो तसाच धरला तर मुंबईच्या माथी बाहेरचे हजारो रुग्ण बसतील. म्हणून किमान एक वर्षाच्या वास्तव्याची अट. एकाच बाईचे नाव एका रुग्णालयात माहेरचे, दुसऱ्यात सासरचे आणि प्रयोगशाळेच्या कागदावर भलत्याच स्पेलिंगचे असते. ती एकच व्यक्ती आहे हे ओळखून तिची नोंद एकदाच करायची असते. मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग लिहिलेला आहे, पण कुठल्याच रुग्णालयात त्या माणसाची नोंद सापडत नाही, असेही प्रकार निघतात. ते वेगळे मोजले जातात आणि त्यांचे प्रमाण जास्त असले तर नोंदणी कच्ची आहे असे समजतात. बातमीतल्या एका ओळीमागे हे एवढे काम असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या स्फुटात ‘ग्रामीण महाराष्ट्रात सुदैवाने कर्करोगाचे प्रमाण अजून कमी आहे’ अशा अर्थाचे वाक्य आहे. २०२० च्या ज्या अहवालाचा उल्लेख वर केला, त्यात देशातील सर्वांत कमी दर उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित केंद्राचा आहे: वर्षाला दर लाख पुरुषांमागे ३९.५ नवे रुग्ण आणि दर लाख स्त्रियांमागे ४९.४. पुरुषांतील सर्वांत मोठा दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्याचा, २६९.४. म्हणजे बीड-धाराशिवच्या जवळपास सातपट. हे दर वयाचा फरक काढून टाकून दिलेले असतात, त्यामुळे ‘तिकडे म्हातारी माणसे जास्त’ हे स्पष्टीकरण येथे चालत नाही. ऐझॉलचा मोठा दर बऱ्याच अंशी खरा असावा असे मानायला जागा आहे; तेथे तंबाखूचा वापर प्रचंड आहे आणि जठराचा कर्करोग फार आढळतो. पण बीडचा छोटा दर तितकाच खरा आहे का?

माझ्या मते नाही. त्याला सर्वांत भक्कम आधार मृत्यूंच्या अभ्यासाचा आहे. देशभरातून नमुना निवडून, घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याचा जो मोठा अभ्यास भारतात झाला, त्यातील कर्करोगाचे निष्कर्ष टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेश दीक्षित, टोरांटोचे डॉ. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. २०१० साली देशात कर्करोगाने सुमारे ५ लाख ५६ हजार मृत्यू झाले असा त्यांचा अंदाज होता आणि ३० ते ६९ या वयोगटातील मृत्युदर खेड्यांत आणि शहरांत जवळपास सारखाच निघाला. नोंदणी केंद्रांच्या आकड्यांत मात्र शहरी केंद्रे सहसा ग्रामीण केंद्रांच्या बरीच वर असतात. मरणारे सारखे आणि आजारी पडणारे मात्र बरेच कमी, हे कसे व्हावे? खेड्यात उपचार पोहोचत नाहीत म्हणून तेथे रुग्ण दगावण्याचे प्रमाण जास्त, हे एक कारण आहेच. पण काही रुग्णांचा आजार कर्करोग म्हणून कधी ओळखलाच जात नाही, हे दुसरे. घशाखाली घास उतरत नाही म्हणून तालुक्याच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आलेला आणि नंतर घरीच अंथरुणाला खिळलेला सत्तरीचा शेतकरी कोणत्याच नोंदीत येत नाही, कारण त्याच्या अन्ननलिकेचा तुकडा कोणी तपासलेला नसतो.

बीडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ऊसतोडीसाठी वर्षाचा मोठा काळ पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात काढणारी हजारो कुटुंबे या जिल्ह्यात आहेत. त्यातील स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याचे प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजले. गर्भाशयाबरोबर त्याचे मुखही काढले गेले असेल तर त्या स्त्रीला त्या जागचा कर्करोग होत नाही, पण दर काढताना भागायच्या लोकसंख्येत ती असतेच. ज्या जिल्ह्यात अशा शस्त्रक्रिया फार, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर त्या कारणानेही खाली दिसू शकतो. त्यात सुदैव कसले?

याच पट्ट्यात दुसरी बाजूही पाहायला मिळते. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारे १९८७ साली ग्रामीण नोंदणी केंद्र सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे त्याच्या कक्षेत होती. खेड्यातला रुग्ण रुग्णालयापर्यंत येत नाही हे ओळखून डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांनी नोंदणीची रीतच बदलली. कर्मचारी गावोगाव फिरत, सरपंच, शिक्षक आणि जाणत्या बायकांना भेटत, लक्षणे समजावून सांगत, अंगावरून अवेळी रक्त जाते किंवा तोंडातली जखम भरत नाही अशा माणसांची चौकशी करत आणि त्यांना तपासणीसाठी बार्शीला आणत. परिणाम असा झाला की, काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. केवळ मोजायला गेलेल्या माणसांनी उपचाराची वेळ अलीकडे आणली.

लियाँच्या संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा स्मारकचे सहकारी यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली तरी पुढील आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, असे त्यात दिसले. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत या निष्कर्षाला आज मोठे स्थान आहे. तो मिळाला, कारण कोणाला आजार झाला आणि कोण दगावले, हे गावपातळीवर वर्षानुवर्षे टिपणारी माणसे तेथे होती.

कमी नोंद जशी फसवते, तशी जास्त नोंदही फसवते. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम पसरली आणि तिच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी थोड्या जादा पैशांत करून मिळू लागली. १९९३ ते २०११ या काळात तेथे थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट वाढले. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. आयुष्यभर ज्यांनी काही त्रास दिला नसता अशा बारीक गाठी शोधून काढल्या गेल्या आणि हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. नुसता नव्या रुग्णांचा आकडा पाहणाऱ्याला ती साथच वाटली असती. म्हणून नवे रुग्ण आणि मृत्यू हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

ते तसे ठेवले म्हणजे काय दिसते, हे २०२२ च्याच संचात आहे. मानव विकास निर्देशांकानुसार अतिविकसित गटातील देशांत दर १२ स्त्रियांमागे एकीला आयुष्यात स्तनाच्या कर्करोगाचे निदान होते आणि ७१ मागे एक त्याने दगावते. सर्वांत कमी विकसित गटात निदान २७ मागे एकीला होते, पण मृत्यू ४८ मागे एकीचा. म्हणजे गरीब देशातील स्त्रीला हा आजार होण्याची शक्यता निम्म्याहून कमी असूनही त्याने मरण्याची शक्यता अधिक आहे. सर्व कर्करोग एकत्र धरले तर भारतात १०० नव्या रुग्णांमागे सुमारे ६५ मृत्यू, जगात ४८ ते ४९ आणि अमेरिकेत सुमारे २५ असे गुणोत्तर येते. नोंद झालेल्या शंभरांतले ६५ मरतात असा याचा अर्थ नाही, कारण त्या वर्षी मरणारे बरेच जण आधीच्या वर्षांतले रुग्ण असतात. पण निदान किती उशिरा होते आणि उपचार कितपत पोहोचतात, याचा ढोबळ पत्ता हे गुणोत्तर देते. आपल्या बातमीचा मथळा १४ लाखांवर होता. माझ्या मते तो या ६५ वर हवा होता.

मृत्यूंच्या आकड्याचीही स्थिती आपल्याकडे फार बरी नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी रीतसर प्रमाणित केलेले असते, असे मृत्यू २०२० मध्ये सुमारे २२ टक्के होते. त्यातही दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहून मोकळे होण्याची सवय जुनी आहे; हृदयक्रिया बंद न पडता कोण मरतो, असा प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारत असे. वयाचे रकाने पाहिले तर ६०, ६५, ७० यांची गर्दी दिसते आणि ६३ किंवा ६७ वर्षांची माणसे जणू मरतच नाहीत. वयावरून दर काढणाऱ्या माणसाच्या हाती असा कच्चा माल येतो.

बातमीत १९८० पासून कर्करोग ‘तिपटीने फोफावला’ असेही म्हटले आहे. पार्किन यांचा १९८० चा अंदाज ६३ लाख ५० हजार नव्या रुग्णांचा होता, २००२ चा १ कोटी ९ लाखांचा आणि आताचा २ कोटींचा. तेव्हा तिप्पट हा हिशेब बरोबर आहे. पण याच काळात जगाची लोकसंख्या पावणेदोन पटींहून जास्त झाली आणि ६५ वर्षांवरील माणसांची संख्या जवळपास तिप्पट झाली. कर्करोग मुख्यतः उतारवयाचा आजार असल्याने वाढीचा मोठा भाग यातच जिरतो. यासाठीच वयप्रमाणित दर वापरतात. जपानी शास्त्रज्ञ मित्सुओ सेगी यांनी १९६० साली सुचवलेली आणि रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांनी थोडी बदललेली एक लाखाची काल्पनिक लोकसंख्या त्याला आधार असते. तिच्यात १५ वर्षांखालील ३१ हजार आणि ६५ वर्षांवरील ७ हजार माणसे धरलेली आहेत. प्रत्येक देशाचा दर या एकाच साच्यातून काढला की जपान आणि भारत यांची तुलना करता येते. शिवाय १९८० नंतर नोंदणी वाढली, पद्धती बदलल्या, कर्करोगांची यादी लांबली. म्हणूनच दोन संचांतील आकडे वजा करून कल काढू नये, असे ते तयार करणारेच सांगतात. २०२० च्या संचात स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर होता आणि २०२२ च्या संचात फुप्फुसाचा आला, यावरून दोन वर्षांत जगात काही उलथापालथ झाली असे मानू नये.

कल पाहायचा तर एकाच केंद्राच्या अनेक दशकांच्या नोंदी पाहाव्यात. मुंबईच्या नोंदींत गर्भाशयमुखाचा कर्करोग दशकानुदशके उतरत गेला आणि स्तनाचा चढत जाऊन स्त्रियांत पहिल्या क्रमांकावर आला, हे स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तिचा तोंडाच्या कर्करोगावर काही परिणाम झाला का, की पानटपरीवर पानमसाला आणि तंबाखू यांच्या पुड्या वेगवेगळ्या करून विकल्या गेल्या आणि फरक काहीच पडला नाही, याचे उत्तर विधिमंडळातल्या भाषणांत सापडणार नाही. ते नोंदणी केंद्रांतच सापडेल, आणि तेही ती केंद्रे तोवर नीट चालू राहिली तर.

केंद्रे टिकत नाहीत तेव्हा काय होते, हे आफ्रिकेत दिसले आहे. युगांडातील कंपालाचे केंद्र १९५० च्या दशकातले. राजकीय अस्थैर्यात त्याचे काम मध्येच खुंटले, पुढे ते पुन्हा उभे केले गेले. एड्सच्या साथीत कापोसी सार्कोमा हा पूर्वी कमी दिसणारा कर्करोग तेथील पुरुषांत सर्वाधिक झाला, हे पुढच्या काळात आकड्यांनी दाखवता आले, कारण साथीआधीच्या नोंदी तुलनेला हाताशी होत्या. लियाँ सोडल्यावर पार्किन यांनी आपली पुढची वर्षे ऑक्सफर्डहून मुख्यतः आफ्रिकेतील अशाच केंद्रांना दिली आणि २०१२ पासून तेथील केंद्रांचे एक जाळे काम करत आहे. साऱ्या जगाचे अंदाज मांडणारा संशोधक अखेर नोंदवह्या सुधारण्याच्या कामाकडे वळला, हे मला त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत बोलके वाटते.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२२ साली कर्करोगाची माहिती कळवणे बंधनकारक करावे अशी शिफारस केली आहे आणि काही राज्यांनी तसे आदेश पूर्वीच काढले आहेत. हा संसर्गजन्य आजार नाही, मग सक्ती कशाला, हा त्यावरील आक्षेप मला पटत नाही. सक्ती रुग्णावर नसते, रुग्णालयावर आणि प्रयोगशाळेवर असते, आणि रुग्णाचे नाव गोपनीय ठेवण्याची चांगली पद्धत नोंदणी केंद्रांत आधीपासून आहे. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या हजारो रुग्णांच्या उपचारांचे पैसे दिले जातात, म्हणजे त्यांचे निदान, वय आणि पत्ता सरकारी यंत्रणेत आधीच आहे. ही माहिती नोंदणी केंद्रांना नियमित मिळाली आणि मराठवाडा, खानदेश व विदर्भातील ज्या जिल्ह्यांत केंद्रच नाही तेथे ते सुरू झाले, तर पुढच्या अंदाजांत महाराष्ट्राचा वाटा बराच भक्कम होईल. आपल्या जिल्हा वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्यात असे केंद्र आहे का, त्याचा शेवटचा अहवाल कोणत्या वर्षांचा आहे आणि तेथे किती पदे भरलेली आहेत, एवढे जरी विचारले तरी त्याची चांगली बातमी होईल.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे की, पुढच्या वेळी हे आकडे छापाल तेव्हा ते अंदाज आहेत हे पहिल्याच परिच्छेदात यावे, एकूण संख्येशेजारी वयप्रमाणित दर यावा, आणि बीड-धाराशिवचा कमी दर छापताना तेथे बायोप्सीची सोय किती ठिकाणी आहे हेही त्याच चौकटीत द्यावे.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक
सोलापूर